मामांचा डावा हात

मामांचा उजवा हात जेवायला, लिहायला आणि दुसऱ्याच्या चुका दाखवायला होता. डावा हात शास्त्रासाठी राखून ठेवलेला होता. मनगटापासून कोपरापर्यंत त्यावर बॉलपेनने चौकोन आखलेले असत, प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात एक आकडा आणि वर मलमाचा तुकतुकीत थर. आंघोळ करताना हा हात ते न्हाणीच्या दाराबाहेर काढून ठेवत आणि उरलेलं अंग एका हाताने धुवत. मामी म्हणायची, "तीन चतुर्थांश नवरा स्वच्छ असतो, हेही नसे थोडके."

मामा हे इमारतीने दिलेलं नाव. तीन मजल्यांत त्यांचा सख्खा भाचा एकही नव्हता, पण तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंपासून वरच्या मजल्यावरच्या गणिताच्या मास्तरांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. त्यांची बायको म्हणून ती मामी. तिला काय आवडेल, हे कोणी विचारलं नव्हतं.

मामांनी चौतीस वर्षं बसच्या वर्कशॉपमध्ये काढली होती. गाड्यांच्या पोटाखाली पाठीवर सरपटत जायचं, वंगण भरायचं, बाहेर यायचं, चहा प्यायचा, पुन्हा आत. डिझेल, बॅटरीचं पाणी, तापलेला रेडिएटर, सगळ्यांनी त्यांच्या हातांवर आपापली सही केली होती. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना एक घड्याळ दिलं. ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ द्यायची ही अक्कल पहिल्यांदा कोणाला सुचली कोण जाणे.

दुसऱ्या दिवसापासून मामा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले, ते आठ महिने. त्या भिंतीला ओल होती. आठ महिन्यांत ओल हातभर सरकली, मामा वीतभरही नाही. दाढी वाढून छातीला टेकली. मामीने गोड बोलून पाहिलं, भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. अबोला धरलाय हे मामांच्या लक्षातच आलं नाही, तेव्हा तो तिने स्वतःच सोडला. एकदा तर तिने मिक्सरचा स्क्रू मुद्दाम ढिला केला आणि तो खडखडता मिक्सर पलंगाशी आणून ठेवला. "दुरुस्तीवाल्याला दे," मामा भिंतीला म्हणाले. त्या दिवशी मामी पहिल्यांदा घाबरली. मिक्सर खडखडतोय आणि हा माणूस उठत नाही, म्हणजे हा आता उठणारच नाही, असं तिला वाटलं.

मग एक दिवस तिच्या टाचांनी डाव साधला. थंडीने भेगा पडल्या होत्या, चालताना तोंडातून हाय निघत होतं, आणि ती आपल्याशीच म्हणाली, "कुठलंतरी मलम आणायला हवं."

"विकतचं?" भिंतीकडून आवाज आला. "त्यात निम्मं पाणी असतं. अगं, वंगणाचं काम काय? ओल आत कोंडायची आणि घाण बाहेर ठेवायची. माणसाची टाच काय आणि बेअरिंग काय."

लग्नाला तीस वर्षं होऊन गेल्यावर नवऱ्याने टाचेची तुलना बेअरिंगशी केली म्हणून एखादी बाई चिडली असती. मामी चिडली नाही, कारण हे बोलताना तो उठून बसला होता.

त्याच संध्याकाळी त्याने, म्हणजे मामांनी, घरातलं सगळ्यात चांगलं पातेलं मागितलं. मामीने निमूट दिलं. खोबरेल तेलात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या मंद आचेवर शिजल्या, ते तेल उशीच्या अभ्र्यातून गाळलं गेलं, त्यात मेण विरघळलं, आणि शेवटी मामांनी लवंगेच्या तेलाचे पाच थेंब टाकले. "झोंबल्याशिवाय काम चाललंय हे कळणार कसं?" ते म्हणाले. मलम आधी त्यांनी स्वतःच्या डाव्या हातावर लावून पाहिलं. काही झालं नाही. मग मामीच्या दोन्ही पायांना घोट्यापर्यंत चोपडलं आणि आत मुरावं म्हणून वर मोजे घालायला लावले.

मामीची कातडी कशी होती हे इथे सांगायला हवं. घड्याळाचा पट्टा बदलला तर तिच्या मनगटावर पुरळ उठायचं. नवा साबण आला की हात लाल. बसमध्ये शेजारची बाई अत्तर लावून बसली तरी हिच्या गालावर गांधी उठायच्या. "काचेचं भांडं आहे हे," मामा पाहुण्यांना सांगायचे, "आपटू नका, फक्त बघा."

सकाळी तिने मोजे काढले आणि खाली बघितलं, तर मोजे अजून पायातच आहेत असं वाटलं. घोट्यापर्यंत लालभडक, वरची कडसुद्धा मोज्यासारखी सरळ. खाज अशी की पाय दगडावर घासावेत. तिने तोंड उघडलं, नवऱ्याच्या नावाने शंख करायची पूर्ण तयारी केली, आणि तेवढ्यात मामा दारात आले.

त्यांनी दाढी केली होती. आठ महिन्यांचं रान उतरवलेलं, हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेलं, धुतलेला शर्ट अंगात. हातात पेन आणि कोरी वही.

"कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

मामीने झटकन पाय चादरीखाली घेतले. "फरक पडतोय," ती म्हणाली.

खोटं म्हणून हे काही मोठं नव्हतं. लग्नाच्या संसारात याहून मोठी खोटी रोज जेवणाच्या ताटाशी बोलली जातात. पण याला पाय फुटले. आठ दिवस मामी दुसरे मोजे घालून लाल पाय झाकत राहिली. पायांची आग थांबली तशी ती गुपचूप कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेली, बिनवासाच्या मलमाची एक ट्यूब घेऊन आली आणि तांदळाच्या डब्यात तळाशी पुरून ठेवली. महिन्याभरात टाचा लोण्यासारख्या झाल्या. त्याचं श्रेय कुणाला गेलं हे सांगायला नको. कोणीही पाहुणा आला की मामा म्हणायचे, "अगं, जरा टाचा दाखव," आणि मामी सोफ्यावर पाय वर घेऊन दुकानातल्या ट्यूबची कमाई दाखवायची.

मलमाचा व्याप वाढत गेला. मामा त्याला धंदा म्हणू देत नसत, सेवा म्हणत, आणि डबी फुकट देताना अशा काही सूचना देत की घेणाऱ्याला वाटावं, त्यापेक्षा विकत घेतलेलं बरं. एका वेळी वीस डब्या भरत. प्रत्येक खेपेला ते घाणा म्हणत आणि नंबर देत. डब्या भरायला त्यांनी नवी कोरी ग्रीसगन आणली होती. झाकणावर कागदाची पट्टी चिकटवून त्यावर सही, म्हणजे मधे कोणी उघडली तर कळावं. वहीत रकाने होते: खाज, लाली, निष्कर्ष. खाज नाही, लाली नाही, निष्कर्ष उत्तम. सहा वर्षांत सव्वीस घाणे, आणि सव्वीस वेळा उत्तम. इतके चांगले गुण मास्तरांच्या उभ्या आयुष्यात कोणा विद्यार्थ्याला मिळाले नव्हते.

लोकांना गुण येत होता हेही खरं. शिंपीणबाईंची सुईने चिरलेली बोटं मऊ पडत, मास्तरांची दाढीनंतरची आग शमे. मामी मनात म्हणायची, सगळ्यांना चालतंय, माझीच कातडी नाटकी. प्रत्येक घाण्याची पहिली डबी मामा तिला मानाने देत. ती हसून घेई आणि कपाटात घोंगडीखाली एका बुटांच्या खोक्यात ठेवून देई.

घोळ लवंगेने केला. मलम झोंबलं पाहिजे हा मामांचा हट्ट, आणि झोंबतंय की नाही हे ठरवणार मामांचा डावा हात. पाच थेंबांनी त्या हाताला काहीच कळलं नव्हतं. दहा केले, नाही. अर्धा चमचा केला, नाही. नवव्या घाण्यात एक पूर्ण चमचा गेला आणि मामांनी वहीत लिहिलं, "किंचित गार वाटल्यासारखं." सत्ताविसाव्या घाण्यात त्यांनी दोन चमचे ओतले. स्वयंपाकघरात मामीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मामा हातावरचा चौकोन हुंगून समाधानाने म्हणाले, "आता कुठे थोडं जाणवतंय."

तिसऱ्या दिवशी दुपारी शिंपीणबाई आणि मास्तर एकदमच दारात उभे राहिले. शिंपीणबाईंची दहाही बोटं टोमॅटोसारखी. मास्तरांची मान कानापासून कॉलरपर्यंत पेटलेली.

"मामा, हे काय दिलंत?" शिंपीणबाई म्हणाल्या. "दोन दिवस सुई धरता येत नाहीये मला."

मामांनी चष्मा चढवून दोघांना गाडी तपासावी तसं तपासलं. "साबण कोणता वापरता?"

"साबणाचं काढू नका."

"हात पुसून लावलंत की ओल्या हाताला?"

"मामा, मी कोरडाच होतो," मास्तर म्हणाले. "वीस वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून कोरडाच आहे. मान जळतेय माझी."

"हे बघा, शास्त्र आहे हे." मामांनी डावा हात टेबलावर पुराव्यासारखा ठेवला आणि उजव्या हाताने वही उघडली. "घाणा सत्तावीस. चोवीस तास माझ्या अंगावर होता. खाज, नाही. लाली, नाही. आता माझ्या हाताला काही होत नाही आणि तुमच्या हाताला होतं, तर दोष कुणाचा? मलमाचा?"

शिंपीणबाईंच्या मनगटावर टाचण्या खोचायची गादी कायम बांधलेली असे. त्यांनी सुजल्या बोटांनी एक टाचणी काढली आणि टेबलावरच्या हातात, चौकोन क्रमांक सत्तावीसमध्ये, हळूच टोचली.

"वंगणाचा पहिला नियम काय?" मामा वाचत होते. दुसरी टाचणी गेली. "सगळीकडे सारखं लागलं पाहिजे. तुम्ही लोक काय करता, एका जागी थापता." तिसरी गेली. स्वयंपाकघराच्या दारातून मामी बघत होती.

"मामा," मास्तर म्हणाले, "तीन झाल्या."

"काय तीन?"

"टाचण्या. तुमच्या हातात."

मामांनी खाली बघितलं. तिन्ही टाचण्या ताठ उभ्या होत्या. आधी मास्तर हसले, मग शिंपीणबाई, मग मामाही हसले, आणि त्यांचं हसू मध्येच थांबलं. त्यांनी एकेक टाचणी उपटून शिंपीणबाईंच्या गादीत परत खोचली. मग वहीची पानं मागे मागे उलटत गेले, उत्तम, उत्तम, उत्तम, थेट पहिल्या पानापर्यंत.

"सहा वर्षं," ते म्हणाले. "सहा वर्षं मी मेलेल्याला विचारत होतो, ताप आहे का."

मग त्यांनी एक गोष्ट केली, जिच्यासाठी मामीने त्यांचे इतर शंभर गुन्हे माफ केले असते. पिशवी घेऊन ते दारोदार गेले, प्रत्येकाला हात जोडून म्हणाले, "माझी चूक झाली, लावू नका," आणि डब्या परत आणल्या. संध्याकाळी टेबलावर एकोणीस डब्या मांडल्या.

"विसावी तुझी," ते मामीला म्हणाले. "दे."

"मी आणते. तुम्ही बसा."

पण वर्कशॉपात आयुष्य गेलेला माणूस, माल स्वतः मोजल्याशिवाय ऐकतोय कशाला? कपाट त्यांनीच उघडलं. घोंगडी त्यांनीच उचलली. खोक्यात सत्तावीस डब्या होत्या, नंबराप्रमाणे लावलेल्या. सव्वीस झाकणांवर कागदाची पट्टी जशीच्या तशी, वर त्यांची सही. पहिली तेवढी उघडलेली, आत दोन बोटांचा माग.

"एकही उघडली नाहीस," मामा म्हणाले.

"पहिली उघडली होती. तुम्हीच."

"मग टाचा?"

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. मामीने तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि ट्यूब काढून दिली. मामांनी तिला चिकटलेले चार तांदूळ काळजीपूर्वक पुसले आणि मागचा बारीक मजकूर शेवटपर्यंत वाचला. तिने त्यांना त्या लाल मोज्यांचं सगळं सांगितलं.

"का नाही बोललीस त्याच दिवशी?"

मामीकडे एरवी प्रत्येक प्रश्नाला दोन उत्तरं तयार असायची. आज एकच निघालं. "तुम्ही दाढी केली होती."

मामा वळले. ट्यूब टेबलावर ठेवली, पलंगावर गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

पुढचे दोन दिवस मामीने काय सोसलं ते तिलाच ठाऊक. पातेलं पालथं पडलं होतं. भिंतीवरची ओल तिला आता आणखी पुढे सरकल्यासारखी दिसायला लागली. त्यातून अपराधाचं ओझं. नवऱ्याला उठवायला आपण खोटं बोललो आणि त्याचे चट्टे लोकांच्या माना-बोटांवर उठले. त्याच दिवशी शंख केला असता तर लवंग तिथेच थांबली असती. नवराही तिथेच पडून राहिला असता कदाचित, हेही खरं. दोन्हीकडून तिलाच फटका.

शेवटी ती औषधवाल्याकडे गेली. शिंपीणबाई आणि मास्तरांसाठी काय करायचं ते तिने विचारून घेतलं. पुसून काढा, काही चोपडू नका, पाच दिवसांत उतरलं नाही तर डॉक्टरला दाखवा, असं तो म्हणाला. मग त्याने लवंगेचं प्रमाण विचारलं.

"दोन चमचे?" तो म्हणाला. "मामी, दरवाजाला लावलं असतं तर रंग निघाला असता. आणि तपासलं कोणावर?"

"यांच्याच हातावर."

"ज्याची कातडी लगेच बोंबलते त्याच्यावर तपासायचं असतं हो. तिळाएवढा ठिपका लावायचा आणि दिवसभर वाट बघायची. न बोंबलणाऱ्याला विचारून काय उपयोग?"

मामी वाटेत थबकली. बोंबलणारी कातडी म्हटल्यावर अख्ख्या इमारतीत तिच्या तोडीचं कोण होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पलंगाशी स्टूल ओढलं, बाही वर केली आणि खोकं मांडीवर घेऊन दोन पट्ट्या फाडल्या. फाडल्याचा आवाज मुद्दाम मोठा केला. भिंत गप्प. हातावर चौकोन आखले, ठिपके लावले आणि दिवसभर घरातली कामं केली. तिसऱ्या प्रहरी ती वही घेऊन परत स्टुलावर बसली आणि मोठ्याने बोलत लिहायला लागली.

"घाणा दुसरा. लवंग दहा थेंब. लाली आहे, खाज आहे. निष्कर्ष, भिकार."

भिंत गप्प.

"घाणा नववा. एक चमचा. लाली आहे, खाज आहे, आग आहे. निष्कर्ष, त्याहून भिकार."

पलंग किंचित करकरला.

"घाणा सत्तावीस. हा मी लावलाच नाही, मला काही वेड लागलेलं नाही. निष्कर्ष, मास्तरांची मान."

"असा शेरा नसतो," भिंतीकडून आवाज आला.

"मग कसा असतो?"

"नापास लिहायचं. नुसतं नापास. आणि आगीला वेगळा रकाना पाडावा लागतो, लालीत घुसडायची नसते." मामा वळले, तिचा हात दिसताच उठून बसले. "आणि हे चौकोन? एक इंच म्हणजे एक इंच हवा. हे काय आखलंयस, गोठ्याचं कुंपण?"

मग त्यांना चौकोनांच्या आतलं दिसलं. त्यांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"दुखतं?"

"खाजतंय."

"तेव्हाही असंच होतं?"

"दोन्ही पायांना. घोट्यापर्यंत."

मामांचे डोळे भरून आले. ते लपवायला त्यांनी भिंतीकडे तोंड केलं नाही, हे मामीने नीट बघून ठेवलं.

चार दिवसांनी, तिचा हात साफ निवळल्यावर, अठ्ठाविसावा घाणा निघाला. खोबरेल, झेंडू आणि मेण. लवंगेची बाटली मामांनी स्वतः शिंपीणबाईंना नेऊन दिली, दाढेवरसुद्धा लावू नका असं बजावून. मग ती कशाला दिली, हे शिंपीणबाईंना आजपर्यंत कळलेलं नाही.

"झोंबत नाही, वास नाही," मामा पातेल्यात बघत कुरकुरले. "कोण घेणार?"

"कोणी नको घेऊ दे. आधी माझ्या हाताला विचारा."

मामांनी फूटपट्टी लावून एक इंचाचा चौकोन तिच्या कोपराच्या आत आखला आणि सुईच्या टोकाएवढं मलम लावलं. वहीत तपासणीच्या रकान्यात सहा वर्षं 'डावा हात' असं लिहिलेलं होतं. त्यापुढे त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, 'हिचा'. संध्याकाळपर्यंत त्यांनी पाच वेळा चष्मा लावून तो चौकोन बघितला. पाचव्यांदा धीर सुटला.

"कसं वाटतंय?"

'फरक पडतोय' हे सहा वर्षांच्या सवयीने मामीच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. "अजून काही कळत नाही," ती म्हणाली. "उद्या सकाळी विचारा."

ट्यूब तिने तांदळाच्या डब्यात परत ठेवली होती, कारण नवरा आपला असला तरी टाचा स्वतःच्या असतात. सकाळी साडेसहाला ती चहाचं आधण ठेवत होती, तेव्हा मामा वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं होतं. त्यांनी दाढी केली होती.